विषारी कचऱ्याचा प्रकल्प गावाशेजारी येतोय? पिथमपूरला काय घडलं आणि जनसुनावणीचे नियम काय, वाचा सविस्तर

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात पिथमपूर ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. इंदूरपासून जवळच. 2 जानेवारी 2025 च्या पहाटे इथे पोलीस बंदोबस्तात 12 कंटेनर येऊन पोचले. त्यात भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला 337 टन विषारी कचरा होता. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री ज्या कारखान्यातून वायू सुटून हजारो माणसं मेली, तोच हा कारखाना. कचरा 40 वर्षं तिथेच पडून होता.

त्यात काय होतं? सुमारे 162 टन दूषित माती, 92 टन सेविन आणि नॅप्थॉलचा गाळ, 54 टन अर्धवट तयार कीटकनाशक आणि 29 टन रिॲक्टरमधला उरलेला माल. सेविन पावडर जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल. भोपाळचा कारखाना तीच बनवायचा.

हा कचरा कुणालाच नको होता. आधी गुजरातमध्ये अंकलेश्वरला न्यायचं ठरलं, तिथे विरोध झाला आणि 2007 मध्ये गुजरात सरकारने अंग काढून घेतलं. मग 2011 मध्ये आपल्या नागपूरजवळ बुटीबोरीला डीआरडीओच्या भट्टीत जाळायचा विषय निघाला. विदर्भातून विरोध झाला, महाराष्ट्र सरकारनेही नको म्हटलं, प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं आणि तेही बारगळलं. 2012 मध्ये जर्मनीला विमानाने पाठवायची बोलणी झाली, पण तिथल्या लोकांच्या नाराजीमुळे जर्मन संस्थेने माघार घेतली. राहिलं पिथमपूर. तिथे 2015 मध्येच 10 टन कचरा चाचणी म्हणून जाळून झाला होता.

डिसेंबर 2024 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने सरकारला झापलं आणि चार आठवड्यांत कचरा हलवा असा आदेश दिला. त्यानुसार गाड्या निघाल्या. पिथमपूरकरांना कळलं तेव्हा कंटेनर दारात होते.

3 जानेवारीला बंद, रास्ता रोको, दगडफेक, लाठीमार, सगळं झालं. दोघांनी अंगावर ज्वलनशील द्रव ओतून पेटवून घेतलं, त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. भट्टीला लागून असलेल्या तारपुरा गावच्या लोकांचं म्हणणं होतं की आमचं पाणी आधीच खराब झालंय, त्यात हे कशाला. इंदूरच्या लोकांना यशवंत सागर धरणाच्या पाण्याची काळजी, तिथले डॉक्टरही कोर्टात गेले.

एवढं होऊन निघालं काय? सरकार कोर्टात गेलं, सहा आठवडे मुदत मिळाली. कचरा एकदम न जाळता 10-10 टनांच्या तीन चाचण्या झाल्या. ताशी 135 किलो, मग 180, मग 270. सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली नाही. उरलेला 307 टन कचरा मे महिन्यात जाळायला घेतला आणि जून 2025 च्या अखेरीस संपवला. धुराची मोजमापं मर्यादेत होती असं सरकारचं म्हणणं आहे. आता 337 टन जाळून राख उरली आठशे टनांहून जास्त. कारण जाळताना आणि धूर धुताना चुना वगैरे भरपूर मिसळावा लागतो. ही राखही विषारीच धरतात. म्हणजे जाळलं की संपलं असं नसतं, पुढे ती पुरायची कुठे हा प्रश्न राहतोच.

यातली मेख लक्षात घ्या. पिथमपूरला भट्टी आणि कचरा पुरायची जागा कित्येक वर्षांपासून उभी होती. एकदा असा प्रकल्प उभा राहिला की त्यात कुठला कचरा कधी येणार हे मुंबई, दिल्ली नाहीतर कोर्टात ठरतं, गावात नाही. गावाचं ऐकून घ्यायची खरी वेळ प्रकल्पाला परवानगी मिळण्याआधीची असते. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरीला असे प्रकल्प आहेत. कारखाने वाढले तर नव्या जागा शोधल्या जाणारच.

जनसुनावणी कशी असते?

2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार अशा प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्याआधी जनसुनावणी. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं. अध्यक्ष जिल्हाधिकारी, नाहीतर अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या खालचा नसलेला अधिकारी. किमान 30 दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात नोटीस द्यावी लागते. घोळ इथेच होतो. नोटीस छापून येते कुठल्यातरी आतल्या पानावर बारीक अक्षरात, आणि गावात तो पेपरच येत नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लक्ष ठेवा आणि तलाठी, ग्रामसेवकांना विचारत राहा.

प्रकल्पाचा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात बघायला मिळतो. त्याचा सारांश मराठीत असलाच पाहिजे. नकाशात आपली विहीर, ओढा, शाळा दाखवलीय का ते आधी बघा. नसेल तर तोच पहिला आक्षेप.

सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. त्यामुळे 'बहिष्कार टाकू' म्हणून गाव घरी बसलं तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. जायचं, बोलायचं आणि लेखीही द्यायचं, पोच घेऊन. चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचा नियम आहे, ते झाल्याशिवाय उठू नका. नुसत्या घोषणा त्यात येत नाहीत. "राख कुठे पुरणार, पाझर आमच्या विहिरीत आला तर भरपाई कोण देणार" असा प्रश्न विचारला की कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं.

ग्रामसभेचा ठराव जरूर करा, पण एकट्या ठरावाने प्रकल्प रद्द होतो या भ्रमात राहू नका. आणि जागा पर्यावरण मंजुरी असलेल्या औद्योगिक वसाहतीच्या आत असेल तर जनसुनावणीतून सूट मिळू शकते. तेव्हा एमआयडीसीचं भूसंपादन होतानाच तिथे काय काय येणार हे विचारायला हवं.

मंजुरी मिळालीच तर आदेश कळल्यापासून 30 दिवसांत राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करता येतं. आपल्यासाठी खंडपीठ पुण्यात आहे. उशिराचं कारण पटलं तर आणखी 60 दिवस मिळतात, त्यानंतर दार बंद.

एक काम मात्र प्रकल्प येण्याआधीच करून ठेवावं. विहिरी आणि बोअरच्या पाण्याची तपासणी करून तारखेसह रिपोर्ट जपून ठेवावा. पाणी खराब झालं म्हणून नंतर कितीही ओरडलं तरी आधी चांगलं होतं याचा कागद लागतो. तपासणी सांगताना जड धातूंचीही करा असं स्पष्ट सांगा, साध्या तपासणीत ते येत नाहीत. पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून केली तर खर्चही अंगावर येत नाही.