हर्नहूटचे दैनिक वचन : कौल आणि नित्यपाठ

ख्रिस्ती धर्मजीवनातील शास्त्रवाचनाचा विचार बहुधा सिद्धान्ताच्या अंगाने केला जातो. शास्त्राचे प्रामाण्य कोणते, त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, भाषांतर कोणते ग्राह्य मानावे, या वादांनी धर्मसुधारणेनंतरच्या युरोपच्या इतिहासाचा मोठा भाग व्यापलेला आहे. परंतु सामान्य श्रद्धावानापुढील प्रश्न याहून साधा आणि तितकाच बिकट असतो. या विस्तीर्ण ग्रंथातून आजच्या दिवसासाठी कोणते वचन घ्यावे, आणि ते मनात धरून आजचा दिवस कसा घालवावा? या प्रश्नाला सॅक्सनीतील हर्नहूट या लहानशा वसाहतीने १७२८ साली एक उत्तर दिले. त्यातून निघालेली दैनिक वचनांची पुस्तिका १७३१ पासून आजतागायत दरवर्षी प्रसिद्ध होत आली आहे.

या पुस्तिकेचे महत्त्व केवळ तिच्या दीर्घायुष्यात नाही. तिच्यात दोन भिन्न धार्मिक प्रवृत्ती एकत्र नांदत आल्या आहेत. महाराष्ट्रातील वाचकाला परिचित असलेले दोन शब्द त्यांच्यासाठी वापरता येतील : कौल आणि नित्यपाठ. कौल लावणारा आपला प्रश्न घेऊन देवापुढे उभा राहतो आणि त्याचे उत्तर मागतो. नित्यपाठ करणारा काही विचारीत नाही; ठरलेल्या वेळी ठरलेला पाठ म्हणतो आणि त्या पाठाने आपल्याला घडवावे अशी अपेक्षा ठेवतो. हर्नहूटच्या वचनाचा इतिहास हा मुख्यतः पहिल्या प्रवृत्तीकडून दुसरीकडे झालेल्या वाटचालीचा इतिहास आहे. ही वाटचाल कशी झाली आणि तीत काय पणाला लागले होते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

१. उगम

यान हुस याला १४१५ मध्ये जिवंत जाळण्यात आले. त्याच्या शिकवणुकीतून १४५७ मध्ये बोहेमियात बंधुसंघ उदयास आला. १६२० च्या श्वेतगिरीच्या लढाईनंतर बोहेमिया व मोरेविया या प्रांतांत प्रॉटेस्टंट पंथीयांचा पाडाव झाला आणि बंधुसंघाचे अवशेष गुप्तपणे टिकून राहिले. अशा कुटुंबांपैकी काहींनी १७२२ मध्ये सरहद्द ओलांडून काउंट निकोलाउस लुडविग फॉन झिंझेंडॉर्फ (१७००–१७६०) याच्या बर्थेल्सडॉर्फ येथील जहागिरीत आश्रय घेतला. त्यांनी वसविलेले गाव म्हणजे हर्नहूट. ‘प्रभूची राखण’ असा या नावाचा आशय आहे.

झिंझेंडॉर्फ हाले येथील भक्तिवादी परंपरेत वाढलेला होता. शास्त्रातील सुटी वचने दैनंदिन चिंतनासाठी वेचून घेण्याची प्रथा त्या परंपरेला नवी नव्हती. बोगाट्स्की याचा ‘सुवर्ण रत्नपेटिका’ या अर्थाच्या नावाचा वचनसंग्रह १७१८ मध्येच प्रसिद्ध झाला होता. तथापि तो संग्रह एकट्या भक्तासाठी होता. हर्नहूटमध्ये या प्रथेला सामुदायिक रूप मिळाले, आणि त्याचे कारण गावाच्या परिस्थितीत होते. निरनिराळ्या पंथांतून आलेल्या रहिवाशांत कलह माजले होते. १२ मे १७२७ रोजी त्यांनी सामाईक नियमांना मान्यता दिली. १३ ऑगस्ट १७२७ रोजी बर्थेल्सडॉर्फच्या मंदिरात झालेल्या प्रभुभोजनाच्या प्रसंगी त्यांच्यात ऐक्यभावना दृढ झाली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अहोरात्र चालणाऱ्या प्रार्थनेचे पहारे सुरू झाले.

३ मे १७२८ रोजी सायंकाळच्या गीतोपासनेत झिंझेंडॉर्फने दुसऱ्या दिवसासाठी मंडळीला एक ‘लोझुंग’ दिला. हा शब्द मूळचा सैनिकी आहे. पहारेकऱ्यांनी एकमेकांना ओळखण्यासाठी ठरविलेला संकेतशब्द, असा त्याचा अर्थ. शिवाय चिठ्ठी किंवा सोडत या अर्थाच्या जर्मन शब्दाशीही त्याचे नाते आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा पहिला लोझुंग शास्त्रवचन नव्हता, तर गीताच्या ओळी होत्या. म्हणजे प्रारंभी भर शास्त्राच्या अक्षरावर नव्हता. सर्व मंडळीने एका दिवशी एकच शब्द मनात धरावा, यावर तो होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेमलेले बंधू तो शब्द गावातील ३२ घरी पोहोचवीत असत. दारात शब्द सांगून ते निघून जात नसत. घरातील माणसांशी बोलत, कोणी आजारी आहे का, कोणाच्या मनात काही सल आहे का, याची विचारपूस करीत आणि परत येऊन मंडळीच्या प्रमुखांना वृत्तान्त देत. त्यामुळे दैनिक वचन हे एकाच वेळी उपासनेचे आणि परस्परांच्या योगक्षेमाचे साधन बनले. अर्थात त्यात देखरेखीचाही अंश होता, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. ज्या समाजात दररोज सकाळी कोणीतरी दार ठोठावतो, तेथे एकाकीपणाला जागा उरत नाही, तशी खासगीपणालाही फारशी उरत नाही.

२. मुद्रण आणि विस्तार

१७३१ या वर्षासाठी लोझुंगांची पहिली छापील पुस्तिका निघाली. या बदलाचा परिणाम दूरगामी होता. पूर्वी वचन आदल्या संध्याकाळी, मंडळीची अवस्था पाहून दिले जात असे. आता ते वर्ष उजाडण्यापूर्वीच निश्चित होऊ लागले. वचन निवडणाऱ्याला पुढील घटनांची कल्पना नव्हती, आणि वाचणाऱ्याला निवडीत हात नव्हता. वचन आणि प्रसंग यांचा मेळ घालण्याचे काम अशा रीतीने पूर्णपणे वाचकावर येऊन पडले. चिंतन या शब्दाला जो अर्थ आहे, तो येथूनच खऱ्या अर्थाने लागू होतो.

पुस्तिकेची गरज लवकरच वाढली. १७३१ मध्ये डेन्मार्कच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने कोपनहेगनला गेलेल्या झिंझेंडॉर्फची सेंट टॉमस बेटावरील अँटन नावाच्या गुलामाशी भेट झाली. तेथील गुलामांच्या स्थितीचे वर्णन ऐकून हर्नहूटमध्ये मिशनकार्याची प्रेरणा उत्पन्न झाली. लेओनहार्ड डोबर याने जावे की नाही, हा निर्णय चिठ्ठी काढून करण्यात आला. चिठ्ठी अनुकूल निघाली. डोबर आणि डाव्हिड निट्शमान ऑगस्ट १७३२ मध्ये निघाले. १७३३ मध्ये ग्रीनलंड, १७४१ मध्ये पेन्सिल्वेनियातील बेथलेहेम, १७६० मध्ये तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी, आणि एकोणिसाव्या शतकात हिमालयातील केलाँग व लेह, असा हा विस्तार होत गेला. हर्नहूटच्या गल्लीत घरोघर जाणारा बंधू आता पुरेसा नव्हता. त्याची जागा पुस्तिकेने घेतली. हजारो मैलांच्या अंतरावरील माणसे एकाच तारखेला एकच वचन वाचीत आहेत, ही जाणीव त्या विखुरलेल्या मंडळीला बांधून ठेवणारी होती.

याच ठिकाणी या परंपरेतील सर्वांत कठीण प्रश्न उपस्थित होतो. ज्या सेंट टॉमस बेटावर बंधू गुलामांना सुवार्ता सांगण्यास गेले, तेथेच मिशनने काही वर्षांत मळा घेतला आणि त्यावर गुलाम ठेवले. डॅनिश बेटांवरील गुलामगिरी संपुष्टात आली ती १८४८ मध्ये. मधल्या शतकभरात त्या मळ्यावरही प्रतिदिनी वचन वाचले जात होते. वचनाचे नित्य वाचन आणि वचनाप्रमाणे वर्तन यांत अंतर पडू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. वाचक जे प्रश्न वचनापुढे नेतच नाही, त्यांची उत्तरे वचन त्याच्यावर लादीत नाही.

३. चिठ्ठीचा संकोच

बंधुसंघात चिठ्ठीचा उपयोग दैनिक वचनापुरता मर्यादित नव्हता. प्रेषितांनी यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून केली, हा नव्या करारातील दाखला प्रमाण मानून अधिकाऱ्यांच्या नेमणुका, मिशनरींची पाठवणी, सभासदत्व, इतकेच नव्हे तर विवाहसंबंधही चिठ्ठीने ठरविले जात. मानवी इच्छेला बाजूला सारून प्रभूची इच्छा जाणावी, ही त्यामागील भूमिका होती. हा सरळ सरळ कौल होता.

या पद्धतीचे बळ तिच्या निःपक्षपातीपणात होते. धनवान आणि कारागीर, सरदार आणि निर्वासित यांना एकाच चिठ्ठीपुढे मान तुकवावी लागे. परंतु तिची दुर्बलताही उघड होती. प्रश्न कोणता विचारावयाचा आणि चिठ्ठीवर कोणते पर्याय लिहावयाचे, हे माणसेच ठरवीत. शिवाय निर्णय चिठ्ठीवर सोपविला की विवेकाचा भार हलका होतो, आणि ज्याच्या आयुष्याचा निर्णय होतो त्याला दाद मागण्यास जागा उरत नाही. नव्या पिढीला विशेषतः विवाहाच्या बाबतीत हे जाचक वाटू लागले. १८१८ च्या महासभेने सर्वसाधारण सभासदांवरील विवाहाच्या चिठ्ठीचे बंधन काढून टाकले. १८८९ मध्ये संघाच्या कारभारातून चिठ्ठी अधिकृतरीत्या हद्दपार झाली.

मात्र दैनिक वचनाची चिठ्ठी कायम राहिली. हा विरोधाभास वरवरचा आहे. विवाहाची चिठ्ठी माणसाला काय करावे हे सांगत होती. वचनाची चिठ्ठी माणसाने आज काय ऐकावे एवढेच सांगते. पहिलीत निर्णय आहे, दुसरीत केवळ श्रवण आहे. कौलाचे बाह्य रूप टिकले, पण त्याचे कार्य नित्यपाठाचे झाले.

पुढे स्थिर झालेल्या रचनेत हे संतुलन स्पष्ट दिसते. हर्नहूट येथे सुमारे १,८०० वचनांच्या संचातून प्रत्येक दिवसासाठी जुन्या करारातील एक वचन चिठ्ठीने काढले जाते, आणि तेही तीन वर्षे आधी. त्याला जोडून नव्या करारातील ‘बोधवचन’ दिले जाते; ते मात्र चिठ्ठीने निघत नाही, पहिल्या वचनाचा आशय पाहून विचारपूर्वक निवडले जाते. तिसरे स्थान गीताच्या ओळींना किंवा प्रार्थनेला असते. जे लाभले आहे ते पहिल्या वचनात, जे समजून घेतले आहे ते दुसऱ्यात, आणि जे परत अर्पण करावयाचे आहे ते तिसऱ्यात, अशी ही मांडणी आहे. वाचकाने स्वतः करावयाच्या चिंतनाचा नमुनाच त्याच्यापुढे ठेवलेला असतो.

४. विसाव्या शतकातील कसोटी

जुन्या करारातील वचन प्रथम, या साध्या नियमाला १९३३ नंतरच्या जर्मनीत अनपेक्षित अर्थ प्राप्त झाला. १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या क्रीडाभवनात भरलेल्या प्रचंड सभेत ‘जर्मन ख्रिस्ती’ पक्षाचा नेता राइनहोल्ड क्राउझे याने चर्चला जुन्या करारापासून मुक्त करावे, अशी मागणी केली. त्या काळातही लोझुंगांच्या प्रत्येक पानावर पहिले वचन इस्राएलच्या शास्त्रातीलच असे. बंधुसंघाने संस्था या नात्याने राजसत्तेला उघड आव्हान दिले असे म्हणता येत नाही. त्यामुळे या पुस्तिकेला प्रतिकाराचे साधन म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु जे वचन वाचकाने निवडलेले नाही, ते काळाच्या आवडीनिवडीने सहज गाळता येत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

डीट्रिख बोनहोफर (१९०६–१९४५) हा ल्यूथरपंथी धर्मशास्त्रज्ञ ही पुस्तिका नियमाने वाचीत असे. त्याच्या संदर्भात एक गैरसमज रूढ आहे. जून १९३९ मध्ये तो अमेरिकेत सुरक्षित आश्रयाला गेला आणि काही आठवड्यांतच मायदेशी परतला. २६ जून रोजी, हिवाळ्यापूर्वी येण्याची तीमथ्याला केलेली पौलाची विनंती त्याच्या वाचनात आली आणि ती दिवसभर त्याचा पाठलाग करीत राहिली. हे वचन म्हणजे त्या दिवसाचा लोझुंग होता आणि त्याने परतण्याचा निर्णय घडविला, असे पुष्कळदा सांगितले जाते. त्याच्या दैनंदिनीत मात्र ते सहजगत्या वाचनात आल्याची नोंद आहे; आणि परतण्याचा कल त्याने २० जून रोजीच यजमानांना कळविला होता. वचनाने कौल दिला नाही. अंतःकरणात झालेल्या निर्णयाला त्याने भाषा दिली.

बोनहोफरने त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘सहजीवन’विषयक पुस्तकात या प्रथेची मर्यादाही दाखवून दिली आहे. दैनिक वचने वाचणाऱ्याला लाभदायक असली तरी ती सलग शास्त्रवाचनाची जागा घेऊ शकत नाहीत, असे त्याचे मत होते. सुटे वचन सांत्वन देते. परंतु वाचकाला न आवडणारे, न समजणारे आणि त्याच्या तत्कालीन गरजेशी असंबद्ध असे जे शास्त्रात आहे, ते सलग वाचल्याशिवाय भेटत नाही. ही टीका प्रथेबाहेरच्या माणसाची नव्हती, हे विशेष.

२० जुलै १९४४ रोजी हिटलरच्या हत्येचा कट फसला. बोनहोफर तेव्हा बर्लिनच्या तुरुंगात होता आणि या अपयशाचा आपल्यापुरता अर्थ त्याला ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने आदल्या दिवसाच्या आणि त्या दिवसाच्या लोझुंगांचा आवर्जून उल्लेख केला. २० जुलैचे वचन विसाव्या स्तोत्रातील होते. रथ आणि घोडे यांवरील भिस्त आणि देवाच्या नावावरील भिस्त यांतील भेद त्यात आहे. २१ जुलैचे वचन तेविसाव्या स्तोत्राचा आरंभ होता. ही वचने निघाली तेव्हा कटाची तारीख कोणाच्या स्वप्नातही नव्हती. त्याने त्यांत भविष्य शोधले नाही, सुटकेचे आश्वासनही शोधले नाही. ठरलेल्या दिवशी ठरलेले वचन वाचले आणि त्यात स्वतःला सामावून घेतले. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथे त्याला फाशी देण्यात आली. पुढच्याच महिन्यात युद्धसमाप्तीच्या सुमारास हर्नहूटचा मध्यभाग व तेथील उपासनागृह आगीत भस्मसात झाले. उपासनागृहाची पुनर्रचना १९५३ पर्यंत पूर्ण झाली. पुस्तिकेची परंपरा मात्र खंडित झाली नाही.

५. उपसंहार

आज ही पुस्तिका पन्नासांहून अधिक भाषांत निघते, आणि तिच्या वाचकांत बंधुसंघाबाहेरचेच लोक बहुसंख्य आहेत. २०२४ मध्ये हर्नहूटचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला. परंतु या इतिहासाचे सार इमारतींत नाही. शास्त्राप्रमाणे जगू इच्छिणाऱ्या माणसाला दोन धोके असतात : आपल्याला हवे तेच वचन शोधून काढणे, आणि जे वचन समोर येईल त्यावर आपल्या विवेकाचा भार टाकून मोकळे होणे. हर्नहूटच्या चिठ्ठीने पहिल्या धोक्याला आळा घातला. दुसऱ्या धोक्यातून बाहेर पडण्यास बंधुसंघाला दीडशेहून अधिक वर्षे लागली. सेंट टॉमसचा मळा आणि बर्लिनची कोठडी या दोन्ही ठिकाणी पुस्तिका तीच होती. वचन रोज मिळण्याची व्यवस्था समाजाला करता येते. ते कोणत्या प्रश्नापुढे उघडावयाचे, हे मात्र प्रत्येक दिवशी वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.