व्हेरोनाचे रंगण
इटलीतील व्हेरोना नगरीचे रोमन रंगण इसवी सनाच्या पहिल्या शतकातले. १११७च्या भूकंपाने त्याचे बाह्य कडे कोसळले आणि त्याच्या चारच कमानी शिल्लक राहिल्या. ज्या वास्तूत एके काळी झुंजी पाहण्यास लोक जमत, तीत ऐन उन्हाळ्यात, उघड्या आकाशाखाली संगीतनाट्य ऐकण्याचा रिवाज पडला तो १९१३ साली, संगीतकार व्हेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त. आणि त्याचे श्रेय, माझ्या मते, कोणत्याही सरकारी फर्मानापेक्षा स्नेह्यांच्या हौसेलाच अधिक आहे. व्हेरोनाचाच सुपुत्र असलेला गायक जोव्हान्नी झेनातेल्लो हा गायिका मारिया गाय, संगीतसंचालक तुल्लिओ सेराफिन प्रभृती सोबत्यांसह रिकाम्या रंगणात आला, व्हेर्दीच्या ‘आयदा’तील पद त्याने मोकळ्या गळ्याने गाइले, आणि स्वर स्पष्ट पोहोचतात याची सर्वांस खात्री पटली. १० ऑगस्टला त्याच नाटकाचा प्रयोग सेराफिनच्या संचालनाखाली झाला. अंधार पडताच पदांची पुस्तिका वाचण्यासाठी श्रोते मेणबत्त्या पेटवीत. ती चाल आजही टिकून आहे, आणि उन्हाने तापलेल्या दगडी पायऱ्यांवर मित्रासमवेत दाटीने बसण्यातले सुख मखमली आसनांच्या नाट्यगृहात खचितच लाभत नाही. दोन्ही महायुद्धांत उन्हाळी प्रयोगांचा हा क्रम खंडित झाला. १९१९ आणि १९४६ साली तो पुनश्च सुरू झाला.