मनाच्या आरोग्याची डॉक्टरेट

आमच्या वेळी कुरकुंभमध्ये शिक्षण म्हणजे डिप्लोमा नि एमआयडीसीत नोकरी. मीही इंजिनिअरच झाले. मनाच्या नि समाजाच्या आरोग्यावर पीएच.डी. करता येते, हे आमच्या गावीही नव्हते. या वाटेची सुरुवात मात्र मुंबईतच झाली. १९३६ साली क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या नेतृत्वाखाली समाजकार्याचे देशातले पहिले विद्यालय निघाले. तेच आजचे ‘टिस’. १९६४ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकार क्षेत्रातल्या सामाजिक कार्यकर्त्यांच्या नोंदणीची तरतूद केली.

रात्रपाळीच्या कामगाराची उडालेली झोप, घरच्यांची घुसमट यांचा अभ्यास आपल्या शाळेतल्या मुलीने का करू नये? मित्रमैत्रिणींनो, घरात कुणी ही वाट धरली, तर ‘त्यात पगार किती?’ एवढेच विचारून तिला अडवू नका.