नवी कादंबरी आणि तिचा पहिला वाचक

ग्रंथालयाची देवघेवीची वही ही मोठी अबोल वस्तू आहे. पुस्तकाचा दाखल क्रमांक, सभासदाचा क्रमांक, नेल्याची तारीख आणि परत केल्याची तारीख, एवढ्या चार रकान्यांत तिचा सारा संसार आटोपतो. एखादी नवी कादंबरी सकाळी कपाटात लागली, सायंकाळी गेली आणि मुदत उलटल्यावर दंडासह परत आली, हे त्या वहीवरून समजते. परंतु ज्याने ती नेली त्याला ती भावली की नाही, घरातील स्त्रियांनी ती वाचली की नुसती ऐकली, शेवटचे पान उलटल्यावर कोणाचा डोळा ओलावला की कोणी पुस्तक आदळून ठेवले, याची नोंद ठेवायला त्या वहीत रकानाच नाही. क्वचित एखाद्या पानाच्या समासात पेन्सिलीने ओढलेली रेघ किंवा ‘हे खरे नव्हे’ अशा धर्तीचा एखादा शेरा सापडतो. पुस्तकावर काही लिहू नये असा प्रत्येक ग्रंथालयाचा नियम आहे व तो योग्यच आहे. तथापि, ज्यांनी तो मोडला त्यांचे अभ्यासकांवर थोडे उपकारही आहेत.

मराठी कादंबरीचा इतिहास आजवर पुष्कळांनी लिहिला. त्यात लेखक आहेत, प्रवाह आहेत, कालखंड आहेत. परंतु कादंबरी नवी असताना, तिच्यावर समीक्षकांची मोहोर उमटण्यापूर्वी, ज्याने ती हाती घेतली त्या वाचकाला या इतिहासात क्वचितच जागा मिळते. शंभर वर्षे वाचकांच्या जिवावर चाललेल्या संस्थेच्या स्मरणग्रंथात तरी त्याची आठवण व्हावी हे उचित होय.

हा वाचक जन्मास आला तोच संशयाच्या वातावरणात. १८५७ साली बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ निघाले. त्यात हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे चित्र होते आणि जोडीला ख्रिस्ती धर्माचा पुरस्कारही होता. त्यामुळे दुःख खरे असूनही पुस्तक परके वाटावे, अशी बहुसंख्य वाचकांची अडचण झाली. पुढे १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि वाचकाला हवे होते ते सापडले. संकटांची मालिका, योगायोग, दुष्टांचे पारिपत्य आणि अखेरीस सुखाची भेट हा साचा इतका लोकप्रिय झाला की, त्यावर बेतलेल्या कादंबऱ्यांची रीघ लागली. सुशिक्षितांना ही आवड खटकू लागली होती. १८७२ साली काशिनाथ बापूजी मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून या अद्भुताच्या हव्यासाची झाडाझडती घेतली. मराठी कादंबरीची ही पहिली मोठी समीक्षा आणि ती मूलतः वाचकांच्या रुचीवरची तक्रार आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वाचक मात्र त्यानंतरही रात्री समईच्या उजेडात राजपुत्रांच्या कथा वाचतच राहिला. त्याला दोष द्यावा असे त्यात काही नाही. दिवसभराच्या रोजच्या जिण्यात त्याला जे मिळत नव्हते, ते त्याने पुस्तकात शोधले.

या वाचकाची खरी परीक्षा झाली ती हरि नारायण आपटे यांच्या लेखणीने. १८८५ च्या ‘मधली स्थिती’नंतर १८९० मध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. पुस्तकरूपाने ती १८९३ मध्ये निघाली. आज ती सलग वाचणाऱ्याला तिच्या पहिल्या वाचकाची स्थिती सहजासहजी कळणार नाही. यमूची कहाणी त्याला आठवड्याआठवड्याने, तुकड्यातुकड्याने मिळत होती. एका अंकापासून पुढच्या अंकापर्यंतचे दिवस तो आपल्याच घरात वावरत होता, आणि त्या घरात एखादी यमू बहुधा असेच. नेमक्या याच सुमारास संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्र ढवळून निघाला होता. विवाहित मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करणारा कायदा १८९१ च्या मार्चमध्ये संमत झाला. सभांतून ज्या प्रश्नावर शास्त्रार्थ चालले होते, तोच प्रश्न ‘करमणूक’च्या पानांवर एका मुलीच्या तोंडून, तिच्या साध्या घरगुती भाषेत बोलत होता. सभेतील वक्त्याला वाचक उत्तर देऊ शकत होता. यमूला काय उत्तर देणार?

हरिभाऊंच्या वाचकांत एक नाव विशेष घेतले पाहिजे, ते काशीबाई कानिटकर यांचे. लहान वयात लग्न होऊन सासरी आलेल्या काशीबाई लग्नानंतर वाचायला शिकल्या आणि पुढे स्वतः कादंबरीकार झाल्या. हरिभाऊंशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता आणि त्यांनी लिहिलेले हरिभाऊंचे चरित्रही पत्ररूपच आहे. एका स्त्रीने कादंबरीकाराशी त्याच्या लेखनाविषयी बरोबरीच्या नात्याने पत्रांतून बोलावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. वाङ्मयेतिहासात या पत्रांचा उपयोग हरिभाऊंचे चरित्रसाधन म्हणून अधिक झाला, वाचकाचे साधन म्हणून कमी. हा अन्यायच म्हटला पाहिजे. पुढे ह. वि. मोटे यांनी ‘विश्रब्ध शारदा’च्या खंडांतून साहित्यिकांची व कलावंतांची पत्रे प्रसिद्ध केली, तेव्हा या प्रकारच्या कागदांचे मोल पुष्कळांच्या ध्यानात आले.

पुण्या-मुंबईपासून दूर असलेल्या मराठी वाचकाची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि या ग्रंथाच्या वाचकांना ती जवळची वाटेल. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. परंतु नवे मराठी पुस्तक तेथे पोचायचे ते टपालाने किंवा सुट्टीत गावी जाऊन आलेल्या माणसाच्या पेटीतून. नव्या कादंबरीबद्दलचे बोलणे आधी कानी पडे आणि पुस्तक मागाहून हाती येई. ग्रंथालयाचे महत्त्व अशा गावी शतपटीने वाढते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानभर मोफत ग्रंथालयांची योजना उभी केली. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्यालाही नव्या पुस्तकाविषयी मत असू शकते, हे या पेट्यांनी सिद्ध केले.

दूर राहणाऱ्या वाचकाचे मत त्याच्या भोवतालच्या वस्तुस्थितीने कसे बदलू शकते, याचे उत्तम उदाहरण १९३४ साली प्रसिद्ध झालेली ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी होय. त्याच्या आदल्या वर्षी मोटे यांनी विभावरी शिरूरकर या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला होता आणि त्याने मोठे वादळ उठले होते. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित तरुणींच्या मनातील कोंडमारा इतक्या उघडपणे मराठीत आजवर कोणी मांडला नव्हता. निषेधाच्या सभा झाल्या, वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने भरले. लेखिका खरोखर स्त्रीच आहे की स्त्रीचे नाव घेतलेला कोणी पुरुष, या कुतूहलाने तर पुस्तकातील प्रश्नांनाही मागे सारले. त्या नावामागे बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर, आहेत हे बराच काळ गुप्त राहिले. वाचकांच्या प्रतिक्रियेचा हा एक प्रकार मराठीत वारंवार दिसतो. जे वाचले त्याला उत्तर देता येत नाही, तेव्हा ते कोणी लिहिले याचा तपास सुरू होतो.

‘हिंदोळ्यावर’मधील अचला ही नवऱ्याने टाकलेली स्त्री आहे. तिच्यावर प्रेम करणारा विराग समोर आहे, संसाराची आणि मुलाची आस मनात आहे. परंतु पहिला विवाह कायद्याने मोडता येत नाही. मुंबई इलाख्यातील हिंदू स्त्रीला त्या काळी ही वाट बंदच होती. मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये आणि देशभर हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये झाला. बडोदे संस्थानात मात्र १९३१ सालीच हिंदूंना काही अटींवर घटस्फोट घेण्याची मुभा कायद्याने दिली होती. म्हणजे पुण्याच्या पेठेत बसून अचलेची कथा वाचणारा आणि बडोद्यात तीच प्रत वाचणारा हे दोन वाचक एका भाषेचे असले, तरी एका कायद्याखालचे नव्हते. जी कोंडी पुण्याच्या वाचकाला दैवाइतकी अटळ वाटावी, ती बडोद्याच्या वाचकाला सरकारी कचेरीत जाऊन सोडवता येण्याजोगी होती. अर्थात कायदा पुस्तकात असणे आणि तो घराच्या उंबऱ्याच्या आत येणे यांत फार अंतर असते, हेही त्याच वाचकाला पक्के ठाऊक असणार. कादंबरीच्या इतिहासात प्रदेशाचा असा विचार अजून व्हावा तसा झालेला नाही.

याच घरातील दुसऱ्या पुस्तकाच्या वाट्याला नेमके उलट नशीब आले. मालतीबाईंचे पती विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ ही एकमेव कादंबरी १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. युरोपातून हिंदुस्थानकडे येणारी बोट, तिच्यावर नाझी राजवटीतून जीव घेऊन निघालेले ज्यू निर्वासित, त्यांतील हॅर्टा ही तरुणी आणि चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण, असा तिचा अवघा पसारा. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात महायुद्ध पेटले. कादंबरी आणि घटना इतक्या जवळून चालत असता वाचकांनी तिच्यावर उडी घालायला हवी होती. प्रत्यक्षात तिची व्हावी तशी दखल घेतली गेली नाही. तो काळ ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या कादंबऱ्यांचा होता. कला कलेसाठी की जीवनासाठी, या वादात मराठी वाचक दोन तटांत वाटला गेला होता, आणि ‘रणांगण’ कोणत्याच तटावर उभी नव्हती. फडक्यांची सफाईदार गुंफण शोधणाऱ्याला ती तुटक वाटली असावी. खांडेकरांचा ध्येयवाद शोधणाऱ्याला तिच्यात दिलासा सापडणे शक्य नव्हते. लहानशी, कोरडी वाटणारी आणि शेवटी वाचकाला रित्या हाताने किनाऱ्यावर उतरवणारी ही कादंबरी पुढील पिढ्यांनी उचलून धरली. मराठीतील मोजक्या श्रेष्ठ कादंबऱ्यांत आज तिची गणना होते.

‘कळ्यांचे निःश्वास’वर रागावलेले वाचक चुकले, असे आता सहज म्हणता येते. परंतु त्यांचा राग हा त्या पुस्तकाला मिळालेला एक प्रकारचा प्रामाणिक प्रतिसादच होता. त्यांनी ते वाचले, ते त्यांना लागले. ‘रणांगण’ न वाचणाऱ्यांची चूक अधिक मोठी म्हटली पाहिजे. आणि तरीही ती दुरुस्त झाली, ती ग्रंथालयांमुळेही. पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात न खपलेले पुस्तक फार काळ टिकत नाही. ग्रंथालयात एकदा दाखल क्रमांक पडला की ते कपाटात वाट पाहू शकते. वर्षानुवर्षे कोणी न नेलेली पुस्तके जागा अडवतात, म्हणून ती काढून टाकावीत, असा ठराव कार्यकारी मंडळापुढे येतो, तेव्हा सभासदांनी या पुस्तकाचे स्मरण ठेवलेले बरे.

स्वातंत्र्योत्तर काळातील वाचकांविषयी पुष्कळ लिहिण्यासारखे आहे. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ मध्ये आली, तिला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. बेळगावच्या वेशीजवळच्या कोवाडचे रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ मध्ये आली आणि माधवराव-रमाबाईंची कथा मराठी घराघरांत पोचली. तिची एक प्रत कोणत्याही ग्रंथालयाला पुरणारी नव्हती. वर्षभरात, १९६३ मध्ये, भालचंद्र नेमाडे या पंचविशीतील तरुणाची ‘कोसला’ निघाली. पेशव्यांच्या वाड्यातून बाहेर पडलेला वाचक एकदम पुण्यातील विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, पांडुरंग सांगवीकराच्या खोलीत येऊन पडला. कथानक कुठे आहे, ही भाषा कसली, असे विचारणारे वडीलधारे आणि पानेच्या पाने तोंडपाठ म्हणणारी त्यांचीच मुले, असा देखावा पुढे किती तरी मराठी घरांनी पाहिला. दोन्ही पुस्तके एकाच घरात, कदाचित एकाच सभासदाच्या नावावर आली असतील. देवघेवीच्या वहीत दोन्हींचे रकाने सारखेच दिसणार.

या साऱ्या शतकाचा हिशेब मांडण्याचे काम एका जातिवंत वाचकाच्या हातून झाले, हे मराठी कादंबरीचे भाग्य. कुसुमावती देशपांडे यांनी १९५३-५४ मध्ये मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा दोन भागांत आढावा घेतला. त्या इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या, स्वतः उत्तम कथा लिहीत होत्या. पण त्यांच्या समीक्षेत पंडिताचा अभिनिवेश नाही. जुनी, आज कोणी हाती धरणार नाही अशी पुस्तकेही त्यांनी ती नवी असताना कशी वाटली असतील, हे मनात आणून वाचली. १९६१ मध्ये ग्वाल्हेर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत, आणि तो सोहळा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांच्या दारी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. ‘स्वामी’ आणि ‘कोसला’ छापून आल्या, तेव्हा त्या नव्हत्या. दुसऱ्या शतकातील या पुस्तकांवर त्यांचे मत काय पडले असते, हा प्रश्न त्यांचे ते दोन भाग चाळणाऱ्या प्रत्येक वाचकाला पडतो.