चौकटीवरची शेवटची खूण

आमच्या जुन्या घरी माजघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर पाडव्याला आई आम्हां भावंडांना तिथे उभे करी आणि डोक्यावर पट्टी टेकवून खूण करी. ज्या वर्षी खूण मागच्याच रेघेवर पडली, त्या वर्षी ‘झाली हो तुझी वाढ!’ म्हणून ती मोकळी झाली. वैद्यकशास्त्रही कित्येक वर्षे याच समजुतीवर चालले होते, हे माझ्या वाचनात फार उशिरा आले.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिचे वाढीचे संप्रेरक कमी पडले की मूल खुजे राहते. गाईबैलांच्या ग्रंथींतून ते काढून पाहिले. उंदीर त्याने वाढले, माणूस तसूभरही वाढेना. अखेर १९५८ साली बॉस्टनच्या डॉ. मॉरिस राबेन यांनी मृत माणसांच्या ग्रंथींतले संप्रेरक सतरा वर्षांच्या एका मुलाला टोचल्याचे, आणि तो वाढू लागल्याचे जाहीर केले.

मृतांकडून मिळणारे औषध ते किती मिळणार! एकाची उंची बेताची झाली की त्याची सुई बंद करायची आणि औषध पुढच्या मुलाला द्यायचे. याला अन्याय म्हणण्याची माझी छाती नाही. १९६२ साली राबेन यांनीच पस्तीस वर्षांच्या एका शिक्षिकेला ते दिले. दोन महिन्यांत तिला उत्साह आणि हुशारी वाटू लागली. उंची वाढण्याचे तिचे वय केव्हाच सरले होते, तरीही! पण ही नोंद तशीच पडून राहिली.

मग १९८५ साल उजाडले. या औषधावर वाढलेले काही तरुण मेंदू पोखरणाऱ्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगाने दगावले. विष त्या ग्रंथींतूनच आले होते. अमेरिकेत ते औषध तत्काळ थांबले आणि त्याच वर्षी जिवाणूंकडून बनवून घेतलेले संप्रेरक आले. आता तुटवडा उरला नाही. १९८९ साली लंडन आणि डेन्मार्क इथल्या डॉक्टरांनी प्रौढांवरील प्रयोग प्रसिद्ध केले.

हाडांची गोष्ट इथून सुरू होते. लांबी थांबली तरी हाड आतून भरत राहते, ते पंचविशीच्या आसपासपर्यंत. त्याआधीच सुई बंद केली, तर पुंजी कमी पडते. परंतु औषध पुन्हा सुरू केले की पहिले काही महिने हाडाची घनता उलट घटलेली दिसते! जुन्या भिंतीचा गिलावा आधी खरवडावा लागतो, तसे शरीर प्रथम जुने हाड झिजवते. भरणे मागून येते. वर्ष-दीड वर्ष थांबले तर आकडा चढतो. सहाच महिन्यांनी पाहणारा औषधाला नावे ठेवील.

उंची पूर्ण झालेल्या तरुणांत औषध चालू ठेवल्याने हाडे अधिक भरली, असे काही पाहण्यांत आढळले. दुसऱ्या काहींत फरक दिसला नाही. शिवाय लहानपणी उणीव ठरलेल्या पुष्कळांची मोठेपणी फेरतपासणी केली, तर संप्रेरक पुरेसे निघते. म्हणून आधी तपासणी, मग सुई.

चौकट अजून तशीच आहे. माझी शेवटची खूण सतराव्या वर्षाची.