अलिंद-कंपन : एका हृद्विकाराच्या निदानाचा व उपचारांचा इतिहास

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास बहुधा ‘आधी कारण, नंतर उपचार’ या क्रमाने सांगितला जातो. अलिंद-कंपन म्हणजेच एट्रिअल फिब्रिलेशन या विकाराचा इतिहास या क्रमाला छेद देणारा आहे. या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदे, लयीत आकुंचन न पावता थरथरत राहतात. परिणामी नाडी अनियमित व बहुधा जलद होते. तसेच अलिंदात साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होण्याचा धोका संभवतो. प्रस्तुत निबंधात या विकाराच्या कारणमीमांसेचा व उपचारांचा ऐतिहासिक आढावा घेऊन त्याचा भारतीय संदर्भ स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. औषध आधी, निदान नंतर

इंग्लंडमधील वैद्य विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीच्या औषधी उपयोगाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अंगावरील सुजेवर श्रॉपशायर परगण्यातील एक वृद्ध स्त्री गुप्तपणे देत असलेल्या काढ्याचा त्यांनी शोध घेतला आणि त्यातील अनेक वनस्पतींपैकी गुणकारी कोणती हे ओळखले. हेच पुढे डिजिटॅलिस म्हणून प्रसिद्धीस आले. हे औषध हृदयाची गती कमी करते, याची नोंद विदरिंग यांनी केली होती. तथापि, त्यांच्या रुग्णांपैकी काहींना कोणता लयविकार असावा, हे कळण्याचे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते. पुढे १८२७ मध्ये डब्लिनचे रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी अनियमित नाडीचा संबंध मिट्रल झडप अरुंद होण्याशी जोडला.

२. निदानाचा काळ

बर्नली या गिरणगावात सामान्य वैद्यकव्यवसाय करणारे जेम्स मॅकेन्झी यांनी मनगटावरील नाडी व मानेतील शिरेचे स्पंदन एकाच वेळी कागदावर आलेखित करणारे उपकरण वापरात आणले. एकाच रुग्णास वर्षानुवर्षे तपासत राहणे हे त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. नाडी अनियमित होताच शिरेच्या आलेखातून अलिंदाच्या आकुंचनाची लहर नाहीशी होते, हे त्यांच्या ध्यानात आले. निरीक्षण अचूक होते. त्याचा अर्थ मात्र त्यांना लागला नाही. प्रारंभी त्यांनी याला अलिंदाचा लकवा मानले.

हे कोडे विद्युत-आलेखामुळे उलगडले. नेदरलँड्समधील विलेम आइन्टहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी संवेदनशील हृद्-विद्युत-आलेख यंत्र सिद्ध केले. त्याच्या आधारे लंडनमधील टॉमस लुईस यांनी, तसेच व्हिएन्नातील रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी १९०९ मध्ये, अनियमित नाडीचे मूळ अलिंदांच्या थरथरीत असल्याचे दाखवून दिले. म्हणजे विदरिंग यांचा ग्रंथ आणि हे निदान यांत सुमारे सव्वाशे वर्षांचे अंतर आहे.

३. लय पूर्ववत करण्याचे प्रयत्न

हिवतापावर क्विनीन घेणाऱ्या एका डच व्यापाऱ्याने त्या औषधाने आपले ठोके नियमित होतात असे हृदयरोगतज्ज्ञ वेंकेबाख यांना सांगितले. वेंकेबाख यांनी ही हकीकत १९१४ मध्ये नमूद केली आणि १९१८ मध्ये वॉल्टर फ्रे यांनी सिंकोनाच्याच सालीतील क्विनिडिन अधिक प्रभावी असल्याचे सिद्ध केले. येथेही रुग्णाचा अनुभव शास्त्राच्या पुढे होता. १९६२ मध्ये बर्नार्ड लाऊन यांनी नियंत्रित विद्युत-धक्क्याची पद्धती मांडली. १९८७ मध्ये जेम्स कॉक्स यांनी ‘मेझ’ शस्त्रक्रिया केली. १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील हेसाग्वेर व सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास करून, कंपन सुरू करणाऱ्या केंद्रांपैकी ९४ टक्के केंद्रे फुप्फुसशिरांत असल्याचे दाखविले. आजच्या कॅथेटर उपचाराचा पाया हाच होय.

४. गुठळीचा प्रश्न

प्रारंभी लक्ष लयीवर होते; पक्षाघाताचे गांभीर्य उशिरा उमगले. झडपेचा विकार नसतानाही अलिंद-कंपनामुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो, हे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम अभ्यासाने १९७८ मध्ये दाखविले. १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आलेले वॉरफेरिन योग्य मात्रेत दिल्यास हा धोका जवळजवळ दोन-तृतीयांशाने घटतो, हे १९८९ नंतरच्या चाचण्यांतून स्पष्ट झाले. २०१० पासून वारंवार रक्ततपासणीची गरज नसलेली नवी औषधे उपलब्ध होऊ लागली.

५. भारतीय संदर्भ

पाश्चात्त्य देशांत या विकाराची प्रमुख कारणे वार्धक्य, उच्च रक्तदाब, स्थूलता व मद्यपान ही होत. भारतात त्यांच्या जोडीला संधिज्वराने निकामी झालेली मिट्रल झडप हे कारण अद्याप टिकून आहे. बालपणीच्या घशाच्या संसर्गातून उद्भवणारा हा ज्वर दाटीची वस्ती व दारिद्र्य यांच्याशी निगडित असून त्याचे रुग्ण तुलनेने तरुण असतात. अशा रुग्णांवर २४ देशांत झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत नव्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा वॉरफेरिनसारखी जुनी औषधे सरस ठरली. त्या गटात मृत्यूही कमी झाले. मात्र या औषधांची मात्रा ठरविण्यासाठी नियमित रक्ततपासणी अनिवार्य आहे. प्रयोगशाळेपासून दूर राहणाऱ्या, तपासणीसाठी मजुरी बुडवावी लागणाऱ्या रुग्णाला नेमके तेच कठीण जाते.

निष्कर्ष

१. या विकाराच्या इतिहासात लोकपरंपरेतील औषध व रुग्णाचा अनुभव यांनी अनेकदा शास्त्रीय सिद्धान्ताच्या आधी वाट दाखविली.

२. निदानाची प्रगती नव्या उपकरणांइतकीच दीर्घकालीन निरीक्षणावर अवलंबून होती.

३. रोगाचे नाव एक असले तरी त्याची कारणे समाजपरत्वे भिन्न असतात. म्हणून एका समाजात सिद्ध झालेला उपचार दुसऱ्या समाजात तपासल्याविना स्वीकारणे धोक्याचे ठरते.

४. भारतापुरते पाहता, मुलांच्या घसादुखीवर वेळीच पेनिसिलीनचा उपचार आणि तालुका पातळीवर रक्ततपासणीची सोय ही दोन साधी साधने आधुनिक कॅथेटर उपचाराइतकीच मोलाची आहेत.