मांडवगडची फळे आणि आंबट-गोड रस

चैत्र लागला की माळव्यातील मराठी घरांत गौर बसते. धार असो वा देवास असो, पाळण्यात बसविलेल्या त्या लहानशा अन्नपूर्णेपुढे आंब्याची डाळ व पन्हे यांच्या जोडीला कलिंगडे आणि खरबुजे कमळासारखी कातरून मांडण्याची चाल महाराष्ट्रातून इकडे आली आणि येथेच रुजली. हळदीकुंकू आटोपल्यावर ही फळे चिरली जातात, त्यांत केळी, द्राक्षे, संत्र्याच्या फोडी पडतात आणि वरून साखर व लिंबाचा रस घालून ती घरातल्यांना वाटली जातात. हल्लीची मंडळी या पदार्थाला ‘फ्रूट सॅलड’ म्हणतात. नाव इंग्रजी, म्हणून पदार्थही इंग्रजांबरोबर आला असावा, अशी आपली सहज समजूत होते. ती कितपत खरी आहे, हे आज पाहावयाचे आहे.

फळे एकत्र करून खाण्याचे दोन मार्ग आपल्याकडे दिसतात. एक दुधाचा आणि दुसरा आंबट रसाचा. लग्नाच्या पंगतीत पुरीबरोबर जे फ्रूट सॅलड वाढतात ते पहिल्या मार्गाचे. त्यातील पिवळसर दाटपणा कस्टर्डच्या भुकटीचा असतो आणि ही भुकटी अल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८३७ साली प्रथम तयार केली. तेव्हा पंगतीतील हा पदार्थ खरोखरच विलायती वळणाचा आहे. आपल्या वैद्यकाला मात्र दूध व आंबट फळे यांची सोयरीक कधीच मान्य नव्हती. चरकसंहितेत विरुद्ध आहाराचे जे विवेचन आहे, त्यात दुधाबरोबर वर्ज्य सांगितलेल्या फळांची यादीच दिली आहे. आंबा, महाळुंग, करवंद, बोर, जांभूळ अशी ओळखीची नावे तीत भेटतात. केळ्यालाही या यादीतून सुटका नाही. यावर आपल्या आजीबाईंनी काय केले, हे मात्र पाहण्यासारखे आहे. त्यांनी चरकाचा मान राखला आणि केळ्याचे शिकरणही सोडले नाही! शास्त्र आणि रूढी यांचा असा समेट स्वयंपाकघरातच होऊ शकतो.

तथापि या निषेधामागे अनुभव होता, हे नाकारता येत नाही. आंबट फळाने दूध नासते, हे कोणीही पाहू शकेल. पपई दुधात घालून ठेवली तर थोड्या वेळाने ते कडवट होते, कारण पपईतील पाचक द्रव्य दुधातील प्रथिनांचे विघटन करते. फळांना फळांच्याच रसाची संगत द्यावी, हा दुसरा मार्ग म्हणूनच अधिक निर्धोक आणि अधिक जुना. चरक-सुश्रुतांच्या आहारवर्णनात ‘राग’ आणि ‘षाडव’ ही नावे येतात. आंबा, डाळिंब, द्राक्षे यांसारख्या फळांना साखर किंवा गूळ, आंबट रस आणि मसाल्याची द्रव्ये यांची जोड देऊन केलेले हे आंबट-गोड पदार्थ होत. त्यांच्याच जवळचे ‘पानक’ म्हणजे आपले पन्हे. धारानगरीचा भोज अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात राज्य करीत होता. नित्याच्या आचारावरील ‘चारुचर्या’ हा ग्रंथ त्याच्या नावावर मोडतो. धारेच्या भूमीत खाण्यापिण्याचा विचार शास्त्र म्हणून होत असे, याची साक्ष एवढ्यावरूनही पटते.

परंतु धारेच्या परिसरातील खरा पाकग्रंथ त्यानंतर साडेचारशे वर्षांनी झाला. धारेहून दक्षिणेस काही कोसांवर विंध्याच्या कड्यावर मांडवगड आहे. १४६९ साली सुलतान महमूद खलजी मरण पावला व त्याचा मुलगा गियासुद्दीन गादीवर आला. बापाची हयात रणांगणात गेली होती. मुलाने राज्यकारभार बव्हंशी आपल्या पुत्राच्या हाती सोपविला आणि स्वतः सुखोपभोगाच्या मार्गाला लागला. त्याच्या अंतःपुरात पंधरा हजार स्त्रिया होत्या, असे फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. आकडा अतिशयोक्तीचा मानला, तरी त्यामागील कीर्ती खोटी नसावी. या विलासी सुलतानाने एक गोष्ट मात्र अशी केली, की जी अनेक पराक्रमी राजांना सुचली नाही. त्याने आपल्या पाकशाळेची पोथी लिहवून घेतली. तिचे नाव ‘निमतनामा’. १४९५ ते १५०५ च्या सुमारास ती सिद्ध झाली. म्हणजे तिचा आरंभ गियासुद्दीनाच्या आणि शेवट त्याचा पुत्र नासिरुद्दीन याच्या काळात झाला.

या पोथीत ५० चित्रे आहेत. मोठ्या मिशांचा सुलतान आसनावर बसला आहे, सभोवती दासी चुली पेटवीत आहेत, कोणी हंडी ढवळीत आहे, कोणी तबक पुढे करीत आहे, असा बहुतेक चित्रांचा विषय. मजकुरात समोसे आहेत, खिरी आहेत, सरबते आहेत, विडे व सुगंधी द्रव्ये आहेत. शिकारीला निघताना बरोबर काय घ्यावे, हेही आहे. लिंबाचा रस, नारिंग, गुलाबपाणी, केशर, कापूर, कस्तुरी यांचा उल्लेख पानोपानी येतो. आज आपण जिला फळांची कोशिंबीर म्हणू, ती त्या पोथीत जशीच्या तशी आहे, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. मात्र आंबट फळाचा रस, साखर आणि सुगंध या त्रयीवर मांडवगडच्या पाकशाळेची रुची उभी होती, हे त्या पोथीवरून स्पष्ट दिसते. चैत्रातील आपल्या पातेल्यात नेमके हेच तिघे एकत्र येतात.

‘निमतनाम्या’ची आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. ग्रंथाची भाषा फार्सी आहे, पण पदार्थांची आणि जिनसांची अनेक नावे देशी आहेत. पोथी लिहिणाऱ्याने स्वयंपाक्याच्या तोंडचा शब्द बदलला नाही. त्यामुळे पाच शतकांनंतरही तो पदार्थ ओळखता येतो. ही पोथी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील ग्रंथसंग्रहात गेली व आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. रॉबर्ट स्केल्टन या कलाभ्यासकाने १९५९ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात तिच्या चित्रांचे महत्त्व मांडले आणि २००५ साली नोरा टिटली यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. मांडवगडचे महाल उजाड झाले, पण तेथील रस्सा कसा होई, हे आपण आजही सांगू शकतो.

या रसाची जी फळे, त्यांच्या नावांतही इतिहास दडलेला आहे. महाळुंग हे आपले फार प्राचीन फळ. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात ते आहे. संस्कृतातील ‘नारंग’ शब्द फार्सी व अरबी वाटेने स्पेनपर्यंत गेला आणि पुढे इंग्रजांच्या तोंडी त्याचे ‘ऑरेंज’ झाले. म्हणजे इंग्रजीतील ते नाव आपलेच परत आलेले पाहुणे आहे. मोसंबीचे नाव आफ्रिकेतील मोझांबिककडे बोट दाखविते. ‘संत्रे’ हा शब्द पोर्तुगालमधील सिंत्रा गावावरून आला, असे काही जण सांगतात. परंतु १५२८ साली माळव्याच्या सीमेवरील चंदेरी जिंकणाऱ्या बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या फळांचे वर्णन करताना नारिंग, लिंबू, जंबिरी यांच्याबरोबर ‘संगतरा’ही नोंदला आहे. तेव्हा सिंत्राचा हक्क तितकासा बळकट दिसत नाही. मांडवगडची ‘खुरासानी इमली’ म्हणजे गोरखचिंच. हा प्रचंड बुंध्याचा वृक्ष मूळचा आफ्रिकेचा. नावाने तो खुरासानचा झाला आणि वस्तीने माळव्याचा. त्याचा आंबट गर मांडवगडला आजही विकावयास असतो.

१६१७ साली बादशहा जहांगीर मांडवगडास मुक्कामाला होता. तेथे सप्टेंबरात त्याची तुला झाली. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो त्या समारंभास हजर होता. पातळ चांदीची बनविलेली फळे, बदाम व मसाल्याचे जिन्नस बादशहाने सरदारांवर उधळले आणि ते वेचण्यासाठी मोठमोठे मानकरी जमिनीवर लोळले, असे रो लिहितो. चांदीच्या फळांची नोंद अशी जगभर गेली. खऱ्या फळांचा दरवळ ज्या स्वयंपाकघरांत होता, त्यांची बखर कोणी लिहिली नाही.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवार माळव्यात आले. धारेस एक गादी झाली आणि देवासास तुकोजी व जिवाजी या बंधूंच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे! त्यांच्याबरोबर शिलेदार, कारकून, भिक्षुक आले, बायकामाणसे आली, पाटे-वरवंटे आले. कोकम-खोबऱ्याची सवय असलेल्या हातांना येथे खसखस, केळी, खरबुजे आणि लिंबे मिळाली. दोन रुचींचा संगम घराघरांतून झाला. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. सव्वादोनशे वर्षांचा तो संसार संपला. त्या काळात या घरांत काय शिजत होते, याची माहिती कोठे मिळते?

मिळते ती एका इंग्रजाच्या पत्रांत. इ. एम. फॉर्स्टर हा कादंबरीकार प्रथम १९१२-१३ च्या प्रवासात देवासास आला आणि १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीरावांचा खाजगी चिटणीस म्हणून राहिला. त्याची देवासची पत्रे ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यात एका मेजवानीचे वर्णन आहे. ताटातील पदार्थांना तो अनुक्रमांक देतो. भाताचे निरनिराळे ढीग, गोड गोळे, तोंडाला आग लावणाऱ्या चटण्या असे रंगतदार वर्णन तो करतो, पण बहुतेक पदार्थांचे नाव त्याला ठाऊक नाही. म्हणजे पाहा, ज्याने लिहिले त्याला नावे माहीत नव्हती. आणि ज्यांना नावे माहीत होती त्यांनी लिहिले नाही. महाराष्ट्रात रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली छापले गेले. माळव्यातील मराठी सुनेने तिकडच्या पदार्थाला इकडचे कोणते वळण दिले, हे त्यांत सापडावयाचे नाही. सुलतानाच्या पोथीने जे साधले, ते आपल्या घरांना साधले नाही.

म्हणून चैत्रातील हा साधा पदार्थ येथे नीट नोंदवून ठेवतो. सहा माणसांसाठी एक लहान पपई, अर्धे खरबूज, तीन केळी, दोन संत्री आणि वाटीभर द्राक्षे घ्यावीत. पाव वाटी साखर तेवढ्याच पाण्यात उकळून बोटाला किंचित चिकटेल इतपत पाक करावा आणि तो पूर्ण निवू द्यावा. निवल्यावरच त्यात दोन मोसंब्यांचा व एका लिंबाचा रस घालावा. रस उकळला तर कडवटपणा येतो, वास उडतो आणि क जीवनसत्त्वाचा बराच भाग नाहीसा होतो. संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी पापुद्रा अगदी थोडा किसून घालावा, पांढरा भाग येऊ देऊ नये, कारण तो कडू असतो. वेलदोड्याची पूड, केशराच्या चार काड्या व चिमूटभर मीठ एवढी सिद्धता पुरे. संत्र्याच्या पाकळ्यांवरील साल व बिया काढून टाकाव्यात. फळे रसात कालवून अर्धा तास थंड जागी ठेवावीत. साखरेमुळे फळांना आपोआप पाणी सुटते आणि रस वाढतो. केळी मात्र वाढण्याच्या थोडी आधी चिरून लगेच रसात बुडवावीत. चिरलेले केळे हवेने काळे पडते. लिंबाच्या आंबटपणाने ही क्रिया मंदावते. आपल्या बायकांना रसायनशास्त्राचे नाव ठाऊक नसताना ही युक्ती ठाऊक होती.

श्रोतेहो, राजवाडे जतन करण्यासाठी खाती आहेत, शिलालेखांचे ठसे घेणारे विद्वान आहेत. पण महाळुंग बाजारात क्वचित दिसते, ईडलिंबू ओळखणारी माणसे कमी होत आहेत आणि खिरणी खाल्लेली नाही अशी मुले मांडवगडाच्या पायथ्याशीच वाढत आहेत. झाड गेले की फळ जाते, फळ गेले की पदार्थ जातो आणि शेवटी शब्द जातो. त्या शब्दापाशी तरी हा ओघ अडविणे आपल्या हाती आहे. धार-देवासच्या ज्या घरांत अजून एखादी वृद्ध माउली चैत्रगौरीची फळे आपल्या रीतीने कालवीत असेल, तेथील लेकीसुनांनी एक वही घ्यावी, तिच्याजवळ बसावे आणि ती जो शब्द उच्चारील तोच लिहून घ्यावा. आपल्याकडून त्यात सुधारणा करू नये. मांडवगडच्या त्या अज्ञात लेखकाने एवढेच केले होते.